आडकूच्या विहिरीवरची शिळा

धानोलीच्या मधोमध एक विहीर आहे, आणि तिच्या तोंडावर काळी शिळा आहे. भर वैशाखात नाले आटतात तेव्हाही त्या शिळेखाली पाणी असतं. तरी कुणी ती हलवत नाही. पाहुण्यानं कारण विचारलं की गावचे वारलूबाबा त्याला ओट्यावर बसवतात आणि आडकूच्या सुनेची गोष्ट सांगतात.

विहीर आडकूनं खणली म्हणे. दुष्काळ होता, माणसं गाव सोडून निघाली होती. आडकूनं वरचा काळा दगड फोडला, त्याखालचा तांबूस ठिपक्यांचा खडक फोडला, आणि थंडगार पाणी लागलं. गाव टिकलं. पहिला घोट घेताना लोक आडकूचं नाव घेत.

पुढं त्याच्या घरात सायत्रा सून होऊन आली. तिचं माहेर डोंगरावर, झऱ्याचं पाणी पिणारं. धानोलीत तिला दिसली ती तपकिरी दातांची पोरं आणि तिशीतच कमरेत वाकलेली माणसं. टेकडीवरच्या देवाचा कोप, असं लोक म्हणत. बोकड कापून झाले, नवस फेडून झाले, काही फरक पडला नाही.

तिच्या थोरल्या मुलाचे, लहानूचे, दुधाचे दात पडले आणि नवे आले ते तसेच, डागाळलेले. पाठोपाठ त्याचे गुडघे आत वळू लागले. तेव्हापासून सायत्राला चैन पडेना. भाकरी तव्यावर टाकून ती मधेच उठे, विहिरीत डोकावून येई. माहेरी गेली की भावाच्या पोरांचे ओठ उचलून बघे. पांढरेशुभ्र दात! देव तोच, ज्वारी तीच. वेगळं होतं ते फक्त पाणी.

तिला पुन्हा दिवस गेले होते. न राहवून ती सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, हे पाणीच माणसं वाकवते."

आडकूची मान इतकी आखडली होती की सुनेकडे बघायला त्याला सगळं अंग वळवावं लागे. "या पाण्यानं गाव जगलं," तो म्हणाला. "जीभ आवर."

"जगलं, खरं हाये. पण पोटातल्याले मी हे पाजणार नाई."

बाळाला नवे दात येईपर्यंत विहिरीचा थेंब नाही, असा नेम तिनं धरला. रोज डोंगरावरच्या झऱ्यावरून हंडा आणायचा. बायका टोमणे मारत. नवरा कितीतरी दिवस बोलला नाही. उन्हाळ्यात झरा नुसता ठिबके. पळसाचं पान लावून ती दुपारभर थेंब धरत बसे. मनात एकच घोर. एवढं करूनही दात तसेच निघाले तर? मुलगी झाली, सुगंधा. झोपेतही सायत्रा तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवी.

शेवटी सुगंधाचा पहिला दुधाचा दात पडला, नवा वर आला. सायत्राचा बघायचा धीर होईना. तिनं पोरीला सासऱ्यापुढं उकिडवं बसवलं. आडकूनं दातावरून अंगठा घासला. पुन्हा घासला. दात पांढरा होता. मग त्यानं लहानूला जवळ ओढलं आणि त्याच्या गुडघ्यांवर हात ठेवले.

"पोरा, तुले मीच पाजलं रे," एवढंच बोलला.

सकाळी त्यानं गाव गोळा केलं. "मी उघडली, मीच झाकीन," म्हणत वाकलेली पाठ विहिरीकाठी पडलेल्या काळ्या शिळेला लावली. मागून पुरुषांनी रेटा दिला. चार बैलांना न हलणारी ती शिळा, म्हणे, सहज सरकली. शेजारच्या घरात सून गरोदर होती. तिच्यासाठी आडकू हंडा घेऊन डोंगर चढला. कुणाला हात लावू दिला नाही. परतला तेव्हा निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं. त्याची मान पुढं कधी सुटली नाही, लहानूचे गुडघेही सरळ झाले नाहीत. सगळं गाव झऱ्यावर जाऊ लागलं, उन्हाळ्यात थेंब थेंब वाटून घेऊ लागलं. पण त्यानंतर जन्मलेली पोरं ताठ चालली.

आजही धानोलीत सुनेला दिवस गेले की झऱ्याचा पहिला हंडा सासरा आणतो. कितीही थकलेला असो, डोंगर त्यानंच चढायचा. निम्मं पाणी सांडलं तरी चालतं.