फिलू उंदरीचं लिंबू गेलं गडगड

फिलू उंदरीला रात्रभर झोप नव्हती. या कुशीवर वळली. त्या कुशीवर वळली. उद्या नाताळ. उद्या पाहुणे. आणि फिलूने काय ठरवलं होतं? कोलंबीचं डिप! तेही गार!

"गार कोलंबी कोणी खाईल का? पावलूमामा नाक मुरडतील का? कालवणच करायला हवं होतं का?"

का, का, का! कोंबडा आरवला, तरी फिलूचे 'का' संपेनात.

सकाळ झाली. फिलूने एप्रन बांधला. कोलंबी सोलली. डोकी द्रोणात ठेवली. कोलंबी उकडली, रटरट रटरट. बारीक चिरली. फडक्यात दही टांगलेलं होतं. टिप टिप टिप, पाणी गळलं. छान घट्ट चक्का झाला. चक्क्यात कोलंबी. वर मिरपूड. आक्छी!

वाटी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवली. होऊ दे गार.

आता राहिलं लिंबू. लिंबू नाही, तर कोलंबीला वास. वास आला, तर पावलूमामांचं नाक वाकडं.

फिलूने झाडाखालून दोन लिंबं आणली. एक ओट्यावर ठेवलं. एक खिशात टाकलं. "असू दे. लागलं तर?"

फिलू वळली. शेपटी पण वळली. ओट्यावरच्या लिंबाला लागली, फट्! लिंबू निघालं. गडगड गडगड... दाराबाहेर. गडगड गडगड... उतारावर. वाडीत छोटंसं तळं होतं. त्याला सगळे म्हणायचे बावखल. लिंबू बावखलात. डुबुक!

"गेलं! माझं लिंबू गेलं!"

फिलूने रोझूला उचललं. रोझू म्हणजे तिची इवलीशी लेक. तिला एप्रनच्या खिशात बसवलं. आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"आई, पण—" रोझू म्हणाली.

"थांब गं, रोझू. आई घाईत आहे."

बावखलात होता बेडूक. त्याच्या हातात लिंबू.

"बेडूकदादा, बेडूकदादा, लिंबू दे. लिंबू डिपमध्ये पडेल. मग माझा नाताळ होईल."

"डिप? ते काय असतं?"

"कोलंबीचं असतं. पाव बुडवून खायचं. गार गार."

"कोलंबी? आणि गार? डरांव! देईन लिंबू. पण डोक्यावर ऊन लागतंय. आधी केळीचं पान आण."

फिलू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"आई, पण—"

"थांब गं, रोझू. आई विचार करतेय."

"केळीताई, केळीताई, पान दे. पान बेडकाला. बेडूक लिंबू देईल. लिंबू डिपमध्ये पडेल. मग माझा नाताळ होईल."

केळीने बेडकाचं बोलणं ऐकलं होतं. ती हलली. सळसळ सळसळ. "गार कोलंबी? नक्की ना गं, फिलूबाय?"

"नक्की... म्हणजे... हो. बहुतेक."

"देईन पान. पण मला लागलीय भूक. आधी शेण आण."

फिलू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"आई, पण—"

"थांब गं, रोझू. आई विसरेल."

"म्हशीकाकू, म्हशीकाकू, शेण दे. शेण केळीला. केळ पान देईल. पान बेडकाला. बेडूक लिंबू देईल. लिंबू डिपमध्ये पडेल. मग माझा नाताळ होईल."

"डिपमध्ये शेण?" म्हैस दचकली.

"नाही हो, काकू! डिपमध्ये लिंबू!"

"हां, मग ठीक. शेण काय, हवं तेवढं देईन. पण पाठीवर बसल्यात माशा. गुणगुण गुणगुण. आधी बगळ्याला आण."

फिलू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"आई, पण—"

"थांब गं, रोझू. आई गोंधळलीय."

बगळा उभा होता एका पायावर.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, माशा टिप. मग म्हैस पान देईल. पान केळीला. केळ उडी मारेल... नाही, नाही!"

बगळ्याने मान वाकडी केली. "बाई, सावकाश. पुन्हा सांग."

फिलूने श्वास घेतला. हुश्श.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, माशा टिप. मग म्हैस शेण देईल. शेण केळीला. केळ पान देईल. पान बेडकाला. बेडूक लिंबू देईल. लिंबू डिपमध्ये पडेल. मग माझा नाताळ होईल."

"येईन की. पण आधी मला खाऊ. कोलंबीची डोकी आण."

फिलू मटकन खाली बसली. "कोलंबीची डोकी! ती आता कुठून आणू? माझं हे नेहमीचंच."

"आई, पण—"

"थांब गं, रोझू. घरी कोलंबी आहे. पण ती सोललेली. सोलली कोणी? मी. मग डोकी कुठे गेली?"

फिलूचे कान ताठ झाले.

"अगं बाई! द्रोणात!"

तुरुतुरु घरी. तुरुतुरु परत.

फिलूने दिली डोकी. बगळ्याने खाल्ली, मट्ट मट्ट. बगळ्याने माशा टिपल्या, टुक टुक. म्हैस खूश. केळीजवळ गेली. थप्प! केळ खूश. पान दिलं, सळ्ळ! बेडूक खूश. पान डोक्यावर. लिंबू वर फेकलं. "झेल गं, फिलूबाय!"

फिलूने झेललं. घरी आली. लिंबू पिळलं. पिच्चक!

संध्याकाळ झाली. दारात कागदाचा तारा लागला. पावलूमामा आले. मिशा हलल्या. पाव घेतला. डिपमध्ये बुडवला.

"गार!" पावलूमामा म्हणाले.

फिलूने डोळे मिटले. "मामा, कालवण करू का? पटकन करते."

पावलूमामा काही बोलेनात. कसे बोलणार? तोंड भरलेलं होतं. आणि नाक? नाक होतं सरळच.

"कालवण रोजच खातो गं, बाय," पावलूमामा म्हणाले. "वाटी सरकव इकडे."

बुडुक! बुडुक! सगळ्यांनी पाव बुडवले. रोझूने बोट बुडवलं. वाटी झाली लख्ख.

फिलूने खिशातल्या रोझूचा पापा घेतला. "पाहिलंस? केवढा गोंधळ झाला! पण आई काहीसुद्धा विसरली नाही. आता बोल हं, राणी. सकाळपासून काय 'पण, पण' करत होतीस?"

रोझू खिशात जरा सरकली. हात खाली घातला. काहीतरी गोल, पिवळं वर काढलं. आणि म्हणाली,

"आई, पण हे दुसरं लिंबू मला सकाळपासून टोचतंय."