दुसरं इंजिन

जुन्या होड्यांना नवी इंजिनं मिळणार होती, पण कोणती, ते मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दामोदर तांडेल जीपमधून उतरता उतरताच ठरवून टाकत.

धर्मीबाई म्हणाली, "माझ्या होडीला एक मोठं नको, दोन लहान द्या. आता धाकटा दीर जातो होडीवर. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येईल."

चेअरमन हसले. "एक चालू असताना दुसरं उगाच वजन! बायकांना इंजिनातलं काय कळतं?"

धर्मीबाईनं जीपमागची स्टेपनी दाखवली. "मग ही कशाला वागवता?"

"वाटेत पंक्चर झालं तर?"

"तर तुम्ही उतरून चालत घरी याल. दोन वर्षांपूर्वी भर समुद्रात आमचं एकुलतं इंजिन बंद पडलं. माझा नवरा कुठे उतरला, ते अजून कळलं नाही."