नऊ नंबरची जागा

घाटाखालच्या एका गावात रत्नाकरशेठ नावाचा लाकडाचा व्यापारी राहायचा. नऊ या आकड्याचं त्याला भारी वेड. गाडीचा नंबर नऊ, वखारीचं कुलूप उघडायचं तेही नवाच्या ठोक्याला. आकड्यानं त्याचं भलं केलं की त्याच्या कष्टानं, ते देव जाणे.

त्याची म्हातारी आई, आक्का, परसातल्या खोलीत राहायची. पायात जोर नव्हता, म्हणून जिना चढणं बंद. तिच्यावर नजर राहावी म्हणून शेठनं त्या खोलीत कॅमेरा बसवला होता. माडीवर बसून फोनमध्ये पाहिलं की आक्का दिसायची, तिची हाकही ऐकू यायची.

एके दुपारी शेठनं नवा मोठा टीव्ही आणला. घरातल्या प्रत्येक यंत्राला इंटरनेटचा राउटर एकेक पत्ता देतो, जसा घराला घरनंबर. पण शेठला आयता पत्ता नको होता. त्यानं टीव्हीच्या पत्त्याचा शेवटचा आकडा स्वतःच्या हातानं टाकला, नऊ.

त्याची बायको नलिनी संध्याकाळपर्यंत माहेरी जाऊन यायला निघाली होती. दारातून ती म्हणाली, "तो नंबर आधी कुणाला दिलेला नाही ना, तेवढं बघा."

"घर माझं, आकडाही माझा," शेठ म्हणाला.

ती गेली. पडद्यावर अक्षरं उमटली: या पत्त्यावर आधीच कुणीतरी आहे.

शेठ हसला. "असेल तो उठेल!" म्हणत त्यानं ती ओळ घालवली आणि तक्क्याला टेकून सिनेमा लावला.

टीव्ही मधेच अडकायचा, मधेच चालायचा. शेठ अधूनमधून फोन बघायचा. आक्का खिडकीपाशी खुर्चीत बसलेली, हात काठीवर, गुडघ्यावर उन्हाचा तुकडा. बसलीय निवांत, असं म्हणून तो फोन खाली ठेवायचा.

तिन्हीसांज झाली. शेठनं दिवा लावला आणि सवयीनं फोन पाहिला. आक्का तशीच बसलेली, गुडघ्यावर ऊनही तसंच.

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. अंधार पडला होता.

त्यानं पुन्हा फोन पाहिला. चित्रात लख्ख दुपार होती. पंख्याची पाती जागच्या जागी थांबली होती आणि आक्काची पापणी लवत नव्हती.

"आक्का!" तो फोनमध्ये ओरडला. फोन गप्प. टीव्ही मात्र थबकला आणि काळ्या पडद्यावर तीच ओळ परत आली: या पत्त्यावर आधीच कुणीतरी आहे.

शेठ अनवाणीच जिना उतरला.

खोलीत खुर्ची रिकामी होती. आक्का पलंगाच्या आडोशाला जमिनीवर पडली होती. ओठ सुकलेले, एक पाय भलतीकडे वळलेला. पण श्वास चालू होता.

"किती हाका मारल्या रे रत्नू," ती पुटपुटली. "मला वाटलं, तू घरात नाहीस."

शेठनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, डॉक्टरांना बोलावलं. तेवढ्यात नलिनी परतली. माडीवर जाऊन तिनं पडद्यावरची ओळ वाचली, टीव्हीचा नवाचा पत्ता काढला आणि राउटर बंद करून पुन्हा सुरू केला. थोड्या वेळानं फोनमधलं ऊन विझलं. तिथं रिकामी खुर्ची दिसू लागली, आणि जमिनीवर आईला धरून रडणारा नवरा.

नऊ नंबर कॅमेऱ्याचा होता; टीव्हीनं तो बळकावला तसा कॅमेरा तुटला आणि फोनमध्ये दुपारचंच चित्र गोठून राहिलं. शेठनं हुंदके देत सगळं आक्काला सांगितलं. यंत्रातलं तिला काही कळलं नाही, पण एवढं कळलं की तिची जागा लेकाला हवी होती.

"मागायचीस रे," ती म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं असतं का?"

शेठला या बोलण्याइतकं आजवर काहीच लागलं नव्हतं.

तात्पर्य: जागा रिकामी आहे का हे न विचारता जो बसतो, त्यानं कुणाला उठवलं हे त्याला फार उशिरा कळतं.