सरळ घड्याळ

“आता अजून काय शिकायचं राहिलं, बाबा?”

हणमंतने समोर ठेवलेल्या घड्याळावरून नूरबाबांनी तळवा फिरवला. मग वाकून लाकडाचा वास घेतला.

“सागवान…”

“हिरव्या ऑइलपेंटखाली दडलं होतं. एकावर एक थर होते. खरवडताना एकदम रेषा दिसायला लागल्या. मी तर जेवायचंच विसरलो.”

“वा!” बाबा म्हणाले. ते मनापासून म्हणाले.

गावाबाहेरच्या दर्ग्याजवळ बाबांची छोटी खोली होती. जुनी घड्याळं तिथे येत आणि चालू होऊन परत जात. हणमंत बाबांच्या हाताखाली तयार झाला होता. आता त्याला सांगलीत स्वतःचं दुकान टाकायचं होतं, पण बाबांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय नाही.

“आत एक गंमत होती,” हणमंत म्हणाला. “लंबकाला ढकलणारी तार कुणा अडाण्याने वाकवून ठेवली होती. ती मी सरळ केली.”

बाबांना खोकला आला. खोकताना ते हसत होते असं वाटलं.

“चल,” ते उठत म्हणाले. “शिरगुप्पे अण्णांचं हे घड्याळ त्यांच्या भिंतीवर चालू करून दे. मग खुशाल सांगलीला जा.”

अण्णांना अर्धांगवायू झाला होता. ते खाटेवर असत, मान उजवीकडे कललेली. समोरच्या भिंतीवर घड्याळाचा खिळा रिकामा होता.

घड्याळ पाहून अण्णांच्या पत्नी चंपाकाकी हरखल्या. “अगं बाई! हे आमचंच का?”

हणमंतने ते टांगलं, बाजूला ओळंब्याची दोरी सोडून सरळ केलं आणि लंबकाला हलकासा धक्का दिला. टिक, टक, टिक, टक. तो बाबांकडे बघून हसला.

“पडतंय,” खाटेवरून अण्णा म्हणाले.

“नाही अण्णा, अगदी सरळ आहे.”

“पडतंय रे!”

काकी पुढे झाल्या. त्यांनी सवयीने घड्याळाचा माथा थोडा उजवीकडे कलवला. टिक… टकटिक… टक. घड्याळ बंद पडलं.

“काकी, हात नका लावू!” हणमंतने ते पुन्हा सरळ केलं. घड्याळ चालू झालं.

“पडतंय,” अण्णांनी डोळे मिटून घेतले.

“आमच्याकडे ते कललेलंच असतं रे,” काकी म्हणाल्या. “तसंही चालावं म्हणून बाबांनीच तर मागे आतली तार वाकवून दिली होती.”

हणमंतने बाबांकडे पाहिलं.

“हो,” बाबा काकींनी दिलेला चहा बशीत ओतत म्हणाले. “मीच तो अडाणी.”

हणमंतचे कान लाल झाले. तरी तो अडून बसला. “पण बाबा, ओळंबा खोटं बोलतो का? वाकडं घड्याळ टांगून दिलं तर लोक मला काय म्हणतील?”

बाबांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

“अण्णा, जरा सरका. पोराला जागा द्या.”

“घोरतो का हा?” अण्णांनी विचारलं.

“झोपला तर कळेल.”

हणमंत बाबांकडे बघत राहिला. बाबांनी नुसतं उशीकडे बोट केलं. शेवटी तो अवघडून खाटेच्या कडेला आडवा झाला. बाबांनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि अण्णांच्या डोक्यासारखं उजवीकडे कलवून उशीवर ठेवलं.

हणमंतने समोर पाहिलं.

भिंत कलली होती. दार कललं होतं. आणि त्याचं ते देखणं, चकचकीत घड्याळ डावीकडे झुकून आत्ता पडेल की मग, असं लोंबत होतं.

“काकी,” तो हळूच म्हणाला, “तुमच्या सवयीने कलवा बघू.”

काकींनी कलवलं.

“थोडं अजून… बस.”

पूर्ण खोलीत तेवढीच एक वस्तू सरळ होती. फक्त ती चालत नव्हती.

“दिसलं?” शेजारून अण्णांनी विचारलं.

“दिसलं, अण्णा.”

तो उठला. घड्याळ कललेलंच राहू दिलं, काचेचं दार उघडलं आणि आपण सरळ केलेली तार दोन बोटांत धरून किंचित वाकवली. लंबकाला धक्का देऊन कान लावला. टिक… टकटिक. अजून थोडी वाकवली. डोळे मिटून ऐकलं. टिक… टक. टिक. टक. टिक. टक.

“सव्वाचार,” अण्णांनी जाहीर केलं. “चंपे, चहा उशिरा झाला आज.”

“झाली पुन्हा कुरकुर सुरू!” काकी म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.

परतीच्या वाटेवर दर्ग्याची कमान दिसू लागली तसा हणमंत थांबला.

“बाबा… मग सांगलीचं काय? जाऊ, की अजून थांबू?”

बाबा चालतच राहिले.

“दुकानात गिऱ्हाइकासाठी बाकडं करशील ना, ते जरा लांब कर. तुला आडवं होता आलं पाहिजे.”