रिकाम्या पंगतीचं वरण

लोणेवाडीच्या टॉवरवर जुनी यंत्रं उतरवून फाइव्ह-जीची नवी चढवली आणि गावातले जुने फोन मुके झाले. जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या सुलभाताई केंजळ्यांना तर बोलायला गच्चीवर जाऊन शेजारच्या गावच्या टॉवरची रेंज धरावी लागे. "किती पानं?" एवढं विचारेपर्यंत फोन तुटायचा. अशी दोन लग्नं हातची गेली.

उद्घाटनाला कंपनीचे दिघावकर साहेब आले. सुलभाताईंनी गाऱ्हाणं घातलं, तर म्हणाले, "नवं उभारताना जुन्या ग्राहकांनी थोडं सोसावं. नाहीतर नवा फोन घ्या."

सुलभाताई स्वयंपाकाकडे वळल्या. उद्घाटनाचं जेवण त्यांच्याकडेच होतं.

दुपारी पंगत बसली. साहेबांच्या पानात भाताची मूद पडली आणि वाढप थांबलं. वरणाची बादली घेऊन सुलभाताई समोरच्या ओळीत गेल्या. तिथे पानं मांडलेली होती, पण माणूस एकही नव्हता.

"अहो ताई, इकडे वरण?"

"नवी पंगत मांडतेय, साहेब. जुन्या पानांनी थोडं सोसावं. नाहीतर उठून इकडे नव्या पानावर बसा."

"पण तिथे कुणीच नाही."

"गावात नवे फोन तरी कुणाकडे आहेत?"

साहेबांनी कोरडा भात बोटांनी चिवडला. मग शेजारच्या इंजिनिअरला हळूच म्हणाले, "जुनी यंत्रं आजच परत चढवा."

सुलभाताई बादली घेऊन इकडच्या ओळीत आल्या. "लवकर सांगितलंत ते बरं झालं," वरण वाढत त्या म्हणाल्या, "निवायला लागलं होतं."