गोंदनाकाची शीव

चपला इथेच काढा, पाहुणे. देऊळ नाही, तरी काढा. डोंगराच्या कडेपासून खाली ओढ्यापर्यंत हा लाल पट्टा गेलेला दिसतो ना, दोन हात रुंद? ही आमच्या आसरखेडची शीव. दोन्ही अंगांना कमरेएवढं गवत आहे आणि मधे एक पातं नाही. शेतीखात्याचे लोक माती तपासायला घेऊन गेले होते. दोष मातीत नाही म्हणाले. आम्हीही तेच म्हणतो.

फार जुनी गोष्ट. तेव्हा आसरखेड म्हणजे खऱ्याचं गाव, असा लौकिक होता म्हणे. पंचक्रोशीत कुणाला शपथ घ्यायची तर तो आमच्या वेशीत येऊन घ्यायचा. असा लौकिक डोक्यात जातोच. हळूहळू गावाला वाटायला लागलं, आपण खरं तेच बोलतो असं नाही, आपण बोलू तेच खरं.

वर उंबराखाली झरा आहे. आम्ही म्हणायचो आमचा, पलीकडचे पिंपरणीकर म्हणायचे त्यांचा. एका उन्हाळ्यात त्यावरून कुऱ्हाडी निघाल्या, दोन्हीकडचं एकेक माणूस पडलं. तेव्हा शिवेचं दिव्य करायचं ठरलं. शिवेचा दगडन् दगड ठाऊक असलेला माणूस, म्हणजे गावचा महार, डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालणार. तो चालेल ती शीव. मात्र त्यानंतर तो पंधरा दिवस जगला पाहिजे. मेला, तर शपथ खोटी.

पिंपरणीकर म्हणाले, तुमचाच माणूस चालू द्या, आसरखेडचा माणूस खोटं चालणार नाही. एवढा विश्वास होता हो आमच्यावर!

आमचा महार होता गोंदनाक. आदल्या दिवशी बहिर्जी पाटलांनी त्याला चावडीपुढे बोलावलं.

"झरा आत घे. एवढंच."

"झरा त्यांचा हाय, पाटील. आज्यानं दावलाय, बानं दावलाय."

"गाव सांगतंय ते खोटं व्हय?"

"मग डोईवर माती कशापायी देता, जी?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं शिवेवर जमली. वर झऱ्याजवळ हा पट्टा वळतो ना, गोंदनाक त्या वाकणापर्यंत आला, थांबला, आणि झरा पिंपरणीकडे सोडून खाली उतरला.

गावाने हिशेब मांडला तो असा. आसरखेड खोटं बोलत नाही. आसरखेड म्हणतं झरा आपला. म्हणजे गोंदनाक खोटा, म्हणजे तो मरणार. लोक वाट बघत बसले. गोंदनाक मात्र रोज लाकडं फोडत होता, भाकर खात होता. बारावा दिवस उजाडला आणि गाव चावडीपुढे जमलं. हा जगला तर आपण खोटे! खून करायचा असं कुणीच म्हणालं नाही, पाहुणे. खऱ्याला जरा हातभार लावू, इतकंच म्हणाले. माणूस मारायला निघालेल्यांकडे नेहमी एखादं चांगलं वाक्य असतंच.

तेराव्या दिवशी भर दुपारी गोंदनाक ओढ्यावर पाणी पीत होता. पहिला दगड त्याच्या खांद्यावर बसला. त्याने वळून पाहिलं, समोर पाटील दिसले, आणि सवयीने त्याने वाकून जोहार घातला. दुसरा दगड तोंडावर बसला. जबडा तुटला. मग दगडांचा नुसता मारा. देवाला नारळ न्यावेत तसे बायकांनी ओटीत भरून दगड आणले होते, असं सांगतात. एक डोळा गेला, गुडघा फुटला. दोन पावलं पलीकडे टाकली असती तर तो पिंपरणीच्या हद्दीत गेला असता, वाचला असता. पण तो त्याच रेघेवरून रांगत वर गेला. ना इकडे, ना तिकडे. त्या वाकणाशी पोचला आणि तिथेच संपला. तरी दगड थांबले नाहीत. बराच वेळ थांबले नाहीत.

त्याची बायको कोंडाई धावत आली. "कुणी मारलं?" म्हणाली.

"दिव्यानं मारलं," पाटील म्हणाले. सगळं गाव एका आवाजात म्हणालं, दिव्यानं मारलं.

तिने नवऱ्याच्या डोक्याखालची भिजलेली माती उचलली आणि आपल्या डोक्यावर ठेवली. "आता मी चालते. पंधरा दिस हाइती माझ्याकडं. दिव्याला किती हात हाइती ते तरी बघू. दावा हात!"

ती चालायला लागली. पाटलांनी आणखी एक दगड मारला, तिचं कपाळ फुटलं. ती थांबली नाही. पाटलांनी मागे पाहिलं, पण दुसरा दगड कुणी उचलला नाही. लोक आपापल्या हातांकडे बघत होते म्हणे. ती झऱ्याला वळसा घालून, त्याच रेघेने ओढ्यापर्यंत उतरली.

पंधरा दिवस ती वेशीत बसून राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच म्हणायची, "हात दाव." सोळाव्या दिवशी गावाने आपणहून पिंपरणीला जाऊन झरा सोडला. पाटलांचं काय झालं? काही नाही. हात झडला नाही, वंश बुडाला नाही. म्हातारे होऊन अंथरुणात मेले. तुम्हाला दुसरं ऐकायला आवडलं असतं, ठाऊक आहे मला. मलाही आवडलं असतं.

आजही या पट्ट्यावर गवत येत नाही. आणि आजही आमची ग्रामसभा असो, मतदान असो, झेंडावंदन असो, आधी सगळ्यांनी तळहात पुढे करायचे. कोंडाईच्या घरचं माणूस फिरून ते बघतं. हल्ली तिच्या वंशातली सुशीला बघते. मागे एक पुढारी आला होता, देश, धर्म, सत्य, सगळ्यावर फार सुरेख बोलणार होता. सुशीला म्हणाली, साहेब, आधी हात. तो हसला आणि हात खिशात घातले. भाषण न करताच गेला.

मी भुजंगराव इंगवले. बहिर्जी पाटील आमचे. म्हणून ही गोष्ट सांगायचं काम आमच्याच घराकडे, आणि सभेत पहिले हातही आमचेच. ब्याऐंशी वर्षांचा आहे मी, दगड काय, पाण्याचा तांब्या धड उचलवत नाही. तरी सुशीला माझे दोन्ही हात उलटेपालटे करून नीट बघते. बघायलाच हवेत.