आडखोलात पेरूला विस्तव दाखवत नाहीत

आडखोलच्या बाजारात थंडीच्या दिवसांत पेरूचे ढीग लागतात. चार फोडी करून मीठ-मिरची भुरभुरलेला पेरू नाक्यानाक्यावर मिळतो. खाणावळीत ताटाच्या डाव्या बाजूला दह्यातली पेरूची कोशिंबीर हमखास असते. तोंड आलं तर इथली माणसं पेरूची कोवळी पानं चावतात आणि म्हाताऱ्यांना पिकला पेरू कुस्करून दुधात कालवून देतात. पण पेरूची भाजी मागा, वडी मागा, जेली मागा, गाव तुमच्याकडे असं बघेल की जणू तुम्ही त्याच्या आईमाईवरून काही बोललात. कोशिंबिरीवर इथे फोडणीसुद्धा पडत नाही. पुण्याच्या एका बाईंनी खाणावळीत हौसेने म्हटलं, "वरून जरा हिंगाची चरचरीत फोडणी द्या की!" मालकिणीने त्यांच्यापुढची वाटीच उचलली. "आमच्यात पेरूक इस्तो दाखवनत नाय," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

याचं कारण विचारायचं असेल तर बाबाजी तारींच्या होडीत बसावं. सत्तरी उलटलेला हा माणूस पाहुण्यांना समुद्रातल्या पाणकोटावर नेतो, तटबंदी दाखवतो, टाकं दाखवतो आणि शेवटी पेरूच्या तीन झाडांपाशी आणून बसवतो. झाडं कसली, झुडपंच ती. एकालाही सरळ खोड नाही. जमिनीतूनच पाचसहा फांद्या फुटलेल्या आणि मधोमध जुन्या बुंध्याचं काळं थोटूक. बाबाजी त्या थोटकावर हात ठेवतात आणि सांगायला लागतात. हसतमुख माणूस, पण इथे आले की त्यांचा आवाज बदलतो.

असं सांगतात की, गलबतांच्या लढायांच्या काळी या कोटाला वेढा पडला. कोटावर साठ-पासष्ट माणसं होती. त्यांचा भात रांधायला आवडी नावाची बाई होती. लहान वयात कपाळ पांढरं झालेलं, माघारी आली ती धाकट्या भावाकडे. भाऊ कुशा कोटावर गोलंदाज होता. आई मरताना त्याचा हात आवडीच्या हातात देऊन गेली होती, तेव्हा तो चार वर्षांचा होता. आता बावीस वर्षांचा झाला तरी आवडी त्याला जेवताना समोर बसवायची आणि ताट पुसलेलं दिसल्याशिवाय उठू द्यायची नाही. या जगात तिचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं.

वेढा पडला तो दिवाळी सरता सरता. शत्रूची गलबतं चारी बाजूंना, किनाऱ्यावरून भाजीचं पानसुद्धा येईना. कोठीत तांदूळ होता, नाचणी होती, सुकी मासळी होती, गूळही होता. पोटाला कमी नव्हतं. पौष लागला आणि माणसांच्या हिरड्या सुजल्या. आधी घास चावताना रक्त येई, मग नुसतं बोललं तरी येई. पायांवर काळेनिळे डाग पडले. तीन वर्षांपूर्वी भरलेली जखम आपोआप उसवली, असंही एकाचं झालं म्हणे. कोणी टाक्याच्या पाण्याला दोष दिला, कोणी भगवतीच्या कोपाला. कोटाचा कारभार बघणाऱ्या हवालदाराने देवीला बकरा दिला. हिरड्यांची सूज काही उतरली नाही.

आवडीच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. कुशाच्याही हिरड्या सुजल्या होत्या. त्याच सुमारास कोटावरच्या तीन पेरूंना पाड लागला होता आणि कुशा येता-जाता पहिली पिकलेली फळं तोडून खायचा. सालीसकट, बियांसकट, उभ्या उभ्या. आठ दिवसांत त्याचं रक्त थांबलं. दहाव्या दिवशी तो सुकट चावून खायला लागला. आवडीने मग आजारी पडलेल्या आणखी दोघांना फळं खायला दिली. तेही उठून बसले. तिने हवालदाराला जाऊन सांगितलं, "औषध झाडार लागला हा." औषध झाडाला लागलंय!

हवालदार शहाणा माणूस होता. झाडांवर पहारा बसवला आणि म्हणाला, "बाये, आता हे तुझ्या हाती." सगळ्यांना रोज द्यायचं तर पंधरा-वीस दिवसांत झाडं रिकामी होणार होती. वेढा उठायचा तो पावसाआधी, समुद्र खवळायला लागला म्हणजे. तोवर चार महिने होते. पिकला पेरू चार दिवसांवर टिकत नाही. त्यातून वटवाघळं आणि कावळे कुठे पहारा जुमानतात?

आता कोकणातल्या बाईला हा प्रश्न घाला, ती काय उत्तर देईल? जिने फणसाची पोळी वाळवली, आंब्याचं साठ घातलं, कोकमं सुकवली, आठळ्या मातीत पुरून ठेवल्या, ती एकच उत्तर देईल. बेगमी! आजचं उद्यासाठी राखणं हेच तर तिला आईने शिकवलेलं, आईला तिच्या आईने. आवडीने ठरवलं की सगळ्या पेरूंच्या वड्या करायच्या. औषध बरण्यांत भरून ठेवायचं आणि रोज एकेक वडी द्यायची, थेट पावसापर्यंत. सगळ्या कोटाने तिच्या शहाणपणाचं कौतुक केलं. मी तिथे असतो तर मीही केलं असतं, असं बाबाजी इथे थांबून सांगतात.

झाडं खुडली. पिकलेले तोडले, हिरवे तोडले, लिंबाएवढे होते तेही तोडले. सालीने वडी खरखरीत होते म्हणून साली काढल्या. बिया दाताखाली येतात म्हणून गर शिजवून फडक्यातून गाळला. साली आणि चोथा चुलीमागे उकिरड्यावर गेला. तांब्याचा मोठा हंडा चढवला, गूळ घातला आणि आवडी दोन दिवस ढवळत बसली. कोटभर असा वास सुटला की तटावरच्या माणसांना आपापल्या घरचा सण आठवला.

कुशा तिच्याजवळ येऊन बसला. "गे बाय, एक पेरू माका तसोच दी. कच्चो आसलो तरी चलात."

"आज खातलंस, मगे फाल्या काय खातलंस?" उद्याच्या काळजीने आवडी म्हणाली. आणि तो हात पुढे करतोय असं पाहून तिने त्याच्या हातावर उलथनं मारलं. लहानपणी मारायची तसंच, प्रेमाने. तो हसला आणि तटावर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जळण संपलं. हंड्यातला गर अजून आटायचा होता. होड्यांच्या फळ्या केव्हाच जळल्या होत्या, दारं फोडली होती. हवालदाराने झाडांकडे पाहिलं आणि मग आवडीकडे. तिच्या जिवावर आलं. पण अर्धवट आटलेला गर दोन दिवसांत आंबून गेला असता. "फांद्ये तेवढे तोडा," ती म्हणाली. माणसांनी कुऱ्हाडी घेतल्या. कुऱ्हाड एकदा चालली की तिला फांदी आणि खोड सारखंच. संध्याकाळपर्यंत तीन थोटकं उरली. पेरूच्याच लाकडावर पेरूच्या वड्या आटल्या, पानं शेळ्यांनी खाल्ली.

वडी मात्र अशी झाली म्हणतात की बोटाने दाबलं तर लवावी आणि जिभेवर ठेवली तर विरावी. आवडीने वड्या मोठमोठ्या बरण्यांत भरल्या. पहाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला रोज एक, आणि रांधणाऱ्या आवडीला एक.

माघ गेला. फाल्गुनात बरे झालेल्यांच्याही हिरड्या पुन्हा सुजल्या.

आवडीला वाटलं, एक वडी पुरत नसेल. तिने दोन द्यायला सुरुवात केली, स्वतःच्या वाटणीची कुशाला घातली. तरी रक्त थांबेना. चैत्रात माणसं मरायला लागली. कुशाचे दात हलायला लागले, मग एक दात भाकरीतच राहिला. त्याला उठून उभं राहवेना. आवडी वडी पाण्यात विरघळवून त्याच्या ओठांत घालायची. तो घ्यायचा. कुरकूर करायचा नाही, कारण बहिणीच्या हातचं औषध होतं ते. ज्या बाईने अठरा वर्षं त्याला एकदाही उपाशी झोपू दिलं नाही, ती आता त्याला दिवसातून चार वेळा भरवत होती आणि तो तिच्या डोळ्यांदेखत वाळत होता. तिला काही म्हणजे काही कळेना. फळ तेच, हात तोच, मग गुण गेला कुठे?

हे कळलं ते एका म्हातारीमुळे. पुतळा नावाची ही म्हातारी कोटावरच्या शेळ्या राखायची. ती काही पहाऱ्यावर उभी राहत नव्हती, म्हणून तिला वडी मिळत नव्हती. तिच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. एके सकाळी आवडी पाणी भरायला टाक्यावर गेली, तर पुतळा पायरीवर बसून सुका बांगडा दातांनी कडाकडा फोडत होती. तिच्या तोंडात पाच-सहाच दात होते, पण ते घट्ट. रक्ताचा टिपूस नाही. कोटावर ज्यांना बत्तीस दात होते त्यांना भात चावत नव्हता.

आवडीच्या हातातली घागर तशीच राहिली. "गे आजये, तू काय खातंस?"

"माका कोण वडी देता?" म्हातारी म्हणाली. तिला वाटलं, ही आपल्याला चोर म्हणतेय. "तुझ्या चुलीमागची सालां खाल्लंय. चोथो खाल्लंय. सालां सुकली तरी चगळतंय. उकिरड्यारची सालां खाल्ली तर काय चोरी झाली?"

आवडीने घागर तिथेच सोडली. जे टाकलं त्यात औषध होतं. जे राखलं त्यात नुसता गोडवा होता. विस्तवाने औषध खाल्लं होतं आणि तो विस्तव तिने स्वतः घातला होता, दोन दिवस, हात दुखेपर्यंत.

ती धावत झाडांपाशी आली. झाडं नव्हती. तिन्ही थोटकांच्या कडेने मात्र तांबूस कोंब फुटले होते, बोटभर लांबीचे. तिने ते ओरबाडले, उकिरड्यात हात घालून उरलेल्या साली वेचल्या, सगळं पाट्यावर वाटलं आणि तसंच, चुलीजवळसुद्धा न नेता, कुशाच्या तोंडाशी धरलं. कुशाने जीभ लावली. "कडू हा गे," तो म्हणाला आणि हसल्यासारखं केलं. रोज ती कोंब खुडायची, रोज वाटायची. कोंब ते किती असणार! पाचव्या दिवशी सकाळी तिने वाटी त्याच्या ओठांना लावली आणि पाला ओघळून उशीवर आला.

त्यानंतर बाविसाव्या दिवशी वारा फिरला, समुद्राने रंग बदलला आणि शत्रूची गलबतं निघून गेली. कोट वाचला होता. किनाऱ्यावरून होड्या आल्या, माणसं आली, शहाळी आली, लिंबं आली. आलेल्या लोकांना काहीतरी गोड द्यावं म्हणून हवालदाराने कोठी उघडली. शेवटच्या बरणीत अजून वड्या होत्या. त्या खाऊन आलेली माणसं बोटं चाटत राहिली. एक म्हातारा नाखवा आवडीपाशी आला आणि भरल्या मनाने म्हणाला, "बाये, अशी वडी माझ्या जल्मात खाल्लंय नाय. हातात अमृत हा तुझ्या."

आवडीने बरणी उचलली, तटावर गेली आणि समुद्रात टाकली. मग परत येऊन चुलीत पाणी ओतलं. पुढे ती आडखोलात राहिली, पुष्कळ वर्षं राहिली. दारोदार जाऊन बायकांना सांगायची, पेरूला विस्तव दाखवू नका. आधी लोकांना वाटलं, हिला वेड लागलंय. वेड्या बाईचं बोलणं गावाने ऐकलं ते भीतीपोटी की दयेपोटी, कोण जाणे. ऐकलं एवढं खरं. तिने स्वतः मात्र पेरू पुन्हा तोंडात घातला नाही, कच्चा नाही की पिकला नाही. म्हातारपणी तिचेही दात गेले. तेव्हा ती म्हणे देवीला म्हणाली, "उशीर केलंस."

बाबाजींची गोष्ट इथे संपते. आता शाळेतल्या पोरांच्या पुस्तकातही दोन ओळींत लिहिलेलं असतं की पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असतं, सालीत आणि सालीलगत ते भरपूर, आणि शिजवलं की त्यातलं बरंच नाहीसं होतं. दोन ओळी! पण बाबाजींच्या मनाला खरं लागून राहिलंय ते वेगळंच. एकदा पाहुण्यांत एक डॉक्टरीणबाई होत्या. कोणीतरी त्यांना विचारलं, ताजी फळं वाटली असती तरी ती वीस दिवसांत संपलीच असती ना? मग तो वाचला कसा असता? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वीस दिवस पोटभर खाल्ली असती, तर पुढचे दोन-तीन महिने निभावले असते. क जीवनसत्त्व शरीरात साठून राहतं. बेगमी आपलं अंगच करतं, बाबाजी. आवडीने त्याला फक्त खाऊ द्यायचं होतं."

डॉक्टरीणबाईंचं हे बोलणं बाबाजींनी गावात अजून कोणाला सांगितलेलं नाही. "बायकांका खयच्या तोंडान सांगू?" असं ते पाहुण्यांना विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत.

आजही आडखोलात भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते तेव्हा निरांजन विझेपर्यंत थांबते, मग पदराआडून पेरू काढते. धुतलेला, न सोललेला, न चिरलेला. तो भावाने खिशात ठेवायचा नाही, घरी न्यायचा नाही, बायकोमुलांसाठी राखायचा नाही. बहीण त्याच्यासमोर बसते, त्याच्या तोंडाकडे बघत, आणि तो बियांसकट संपेपर्यंत एकच शब्द म्हणत राहते, "खा. खा."